कठडा किलोवर, कला कोणासाठी?

मुंबई शहरात जुन्या इमारती पाडून किंवा डागडुजी करून नव्याने उभ्या करण्याचे काम ज्या वेगाने चालू आहे, त्या वेगाची चर्चा पुष्कळ होते. या उलाढालीत काय मोडीत निघते, नव्याने काय घडविले जाते, ते कोण घडवितो आणि कोणासाठी, याची चर्चा मात्र सहसा होत नाही. चटईक्षेत्र, भाडे, संक्रमण शिबिर, नव्या घराचा ताबा हे भाडेकरूंच्या जिव्हाळ्याचे प्रश्न आहेत आणि चळवळीने आपले बळ त्यांवर खर्च केले, हे योग्यच झाले. परंतु याच प्रश्नांच्या पोटात आणखी एक प्रश्न दडलेला आहे. जिन्याचा कठडा, गॅलरीची जाळी, आवाराचे फाटक, दर्शनी भिंतीवरील शिल्प किंवा चित्र, म्हणजे इमारतीसाठी मुद्दाम घडवून घेतलेले धातुकाम आणि कला, यांचा तो प्रश्न आहे. वरवर पाहता तो चैनीचा वाटेल. आमचे म्हणणे असे की तो मालकीचा, मजुरीचा आणि माणसाच्या प्रतिष्ठेचा प्रश्न आहे आणि म्हणून तो आपला प्रश्न आहे.

आज या क्षेत्रात दोन व्यवहार शेजारी शेजारी चालतात. एकीकडे धनिकांच्या मनोऱ्यात प्रवेशदालनासाठी पितळेचे पडदे, पोलादाचे जिने आणि भिंतभर शिल्पे खास मागणीबरहुकूम करून घेतली जातात. त्यांच्या जोरावर घराचा भाव वाढतो आणि विक्रीच्या पुस्तिकेत त्यांना ‘कलाकृती’ असे नाव मिळते. दुसरीकडे सत्तर-ऐंशी वर्षे ज्या कठड्याला धरून तीन पिढ्या जिना चढल्या-उतरल्या, तो कठडा पाडकामाच्या पहिल्याच आठवड्यात उखडला जातो, काट्यावर तोलला जातो आणि भंगार म्हणून दारूखान्याच्या वाटेला लागतो. त्यातला एखादा नक्षीदार तुकडा चोरबाजारातून फिरत फिरत एखाद्या बंगल्याच्या बागेत जाऊन बसतो. म्हणजे तोच कठडा भाडेकरूच्या जिन्यात होता तेव्हा तो अडगळ ठरला आणि धनिकाच्या अंगणात गेला तेव्हा तो वारसा ठरला! वस्तू तीच, बदलली ती केवळ तिची मालकी. ज्यांच्या हातांनी तो कठडा गुळगुळीत झाला, त्यांना कोणी विचारले नाही. ज्याच्या हातांनी तो घडला, त्याचे नाव तर कोणालाच ठाऊक नाही.

या धातुकामाची थोरवी कशात आहे, हे नीट समजून घेतले पाहिजे. २०१८ साली युनेस्कोने मुंबईतील व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींच्या समूहाला जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्या समूहात ९४ इमारती आहेत आणि ओव्हल मैदानाच्या पश्चिमेची व मरीन ड्राइव्हची निवासी घरे त्यांत मोडतात. १९३० आणि १९४० च्या दशकांत, समुद्र हटवून मिळविलेल्या जमिनीवर ही घरे उभी राहिली. त्यांच्या गॅलऱ्यांचे कठडे जहाजाच्या कठड्यांसारखे आडव्या नळ्यांचे आहेत. फाटकांवर उगवत्या सूर्याचे किरण, लाटा, पंखे आणि भौमितिक आकृत्या लोखंडात उतरल्या आहेत. प्रत्येक इमारतीची नक्षी वेगळी. साचेबंद माल दुकानातून आणून बसविण्याचा तो प्रकार नव्हता. वास्तुशिल्पज्ञाने कागदावर रेषा ओढली आणि लोहाराने ती ऐरणीवर वळविली, असा तो व्यवहार होता.

परंतु ही कला केवळ मरीन ड्राइव्हच्या श्रीमंतांची होती, असे मानणे ही मोठी चूक ठरेल. दादरची हिंदू कॉलनी, शिवाजी पार्क आणि माटुंगा येथे त्याच दशकांत मध्यमवर्गीयांसाठी ज्या तीनमजली-चारमजली इमारती झाल्या, त्यांच्या जिन्यांत आणि खिडक्यांत हीच नक्षी, थोड्या कमी खर्चात, पण तितक्याच प्रामाणिकपणे उतरली. कारकून, शिक्षक, छोटे व्यापारी यांच्या दारालाही स्वतःचा चेहरा असावा, ही गोष्ट त्या काळात गृहीत धरली गेली होती. आज जागतिक वारशाचे कवच आहे ते दक्षिण मुंबईतील त्या समूहाला. दादर-माटुंग्याच्या बहुसंख्य इमारतींना असे कोणतेही कवच नाही आणि एकेक करून त्या पाडल्या जात आहेत. वारशाच्या संरक्षणातही वर्गभेद कसा शिरतो, याचे याहून ठळक उदाहरण शोधण्याची गरज नाही.

मुंबईत या विद्येचे शिक्षणही होते. सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेची स्थापना १८५७ साली झाली आणि १८६० च्या दशकात तेथे जे तीन कर्मशाळा-विभाग उघडले गेले, त्यांपैकी एक शोभिवंत घडीव लोखंडकामाचा होता. १८७८ ते १८८८ या काळात बांधल्या गेलेल्या व्हिक्टोरिया टर्मिनसच्या, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या, कठड्यांचे आणि जाळ्यांचे काम या शाळेच्या विद्यार्थ्यांकडून झाले. लाखो श्रमिक रोज ज्या इमारतीतून ये-जा करतात, तिच्या जिन्याला देशी विद्यार्थ्यांच्या हातचे धातुकाम लाभले आहे, ही गोष्ट मुद्दाम ध्यानात ठेवण्यासारखी आहे. ती इमारत साम्राज्याच्या वैभवासाठी बांधली गेली, हे खरे. परंतु कौशल्य मात्र येथल्या हातांचे होते आणि ते सार्वजनिक जागेत सर्वांसमोर उभे होते.

आता ते हात कोणत्या अवस्थेत आहेत ते पाहू. आपल्या खेड्यांत लोहार हा बारा बलुतेदारांपैकी एक. तांबट, कासार, ओतारी, घिसाडी अशा जातींत धातूची विद्या वाटली गेली होती. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळी आजही त्या विद्येची साक्ष देते. विद्या जातीने बांधली गेली आणि तिचा मोबदला बलुत्याने ठरला. लोहाराने नांगराचा फाळ उत्तम घडविला काय किंवा सामान्य घडविला काय, खळ्यावरचा त्याचा वाटा ठरलेलाच. गाव सोडून तो शहरात आला तेव्हा बलुत्यातून सुटला. परंतु त्याच्या कौशल्याला त्यामुळे दाम मिळाला, असे मात्र झाले नाही. शहरात लोखंडी काम किलोवर मोजले जाते. जाळी साध्या चौरस सळ्यांची असो की वेलबुट्टीची, कंत्राटदार आधी विचारतो तो भाव किलोचा. जड आणि ओबडधोबड काम करणाऱ्याला जास्त पैसे, हलके आणि नाजूक काम करणाऱ्याला कमी, असा हा उफराटा न्याय आहे. गावात बलुते, शहरात किलो. कारागिराच्या बुद्धीची किंमत दोन्हीकडे शून्य!

शासनाच्या कामांतही याहून वेगळा न्याय नाही. दरसूचीत जाळीचे काम चौरस मीटरवर किंवा वजनावर बसविलेले असते आणि सर्वांत कमी दराची निविदा मंजूर होते. कमी दर भरणारा कंत्राटदार ते काम उपकंत्राटदाराला देतो, उपकंत्राटदार पाच-सहा माणसांच्या वेल्डिंगच्या गाळ्याला देतो आणि प्रत्येक पायरीवर मजुरीला कात्री लागते. त्या गाळ्यात काम करणारी अनेक मुले उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेली असतात. डोळ्यांना धड काच नाही, धूर बाहेर जाण्याची सोय नाही, आणि जस्ताचा मुलामा असलेल्या नळ्या जोडताना निघणारा धूर छातीत गेला म्हणजे रात्री ताप भरतो. १९४८ च्या कारखाना कायद्यात विजेवर चालणाऱ्या कारखान्यासाठी दहा कामगारांची मर्यादा होती. महाराष्ट्राने ती वीसवर नेली आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आलेल्या श्रमसंहितेने तीच वीसची रेषा देशभर पक्की केली. सहा माणसांचा गाळा या रेषेच्या पुष्कळच खाली राहतो. म्हणजे ज्या मनोऱ्याच्या दालनातील शिल्पाचे उद्‌घाटन थाटात होते, त्याचे सांधे जोडणारा मजूर कायद्याच्या दृष्टीने कारखान्याचा कामगारच नसतो.

जुन्या धातुकामाची दुरुस्ती ही आणखी अवघड विद्या आहे. बीडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, जुना खांब तडकला तर तो साध्या वेल्डिंगने धड जुळत नाही, कारण बीड ठिसूळ असते. त्याची प्रतिकृती करायची तर लाकडी नमुना घडवावा लागतो, वाळूत साचा पाडावा लागतो आणि मग रस ओतावा लागतो. रस थंड होताना बीड शेकडा सुमारे एक भागाने आकसते. म्हणून नमुना तेवढ्या मापाने मोठा ठेवावा लागतो. जुना खांबच नमुना म्हणून वापरला तर नवा खांब लांबीला कमी पडतो आणि कठड्याची रांग बिघडते. समुद्राच्या खाऱ्या हवेत लोखंडाला गंज चढला की तो फुगतो आणि ज्या दगडात किंवा काँक्रीटमध्ये कठड्याचे पाय रुतलेले असतात, त्यालाच फोडतो. तेव्हा वरून रंग फासून भागत नाही. पाय मोकळे करून, गंज काढून, भेग बुजवून काम करावे लागते. हे सारे ज्याला कळते त्याला आपण ‘अकुशल’ किंवा फार तर ‘फॅब्रिकेटर’ म्हणतो. कोल्हापूरच्या शिरोलीत आणि गोकुळ शिरगावात शेकडो फौंड्र्या आहेत, ओतकामाचे ज्ञान महाराष्ट्रात जिवंत आहे. नाही ती त्या ज्ञानाला गृहनिर्माणाशी जोडणारी इच्छाशक्ती.

ही इच्छाशक्ती का नाही, याचे उत्तर मुंबईच्या गृहनिर्माणाच्या इतिहासात सापडते. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठविली. श्रमिकांना त्या कायद्याने छप्पर राखून दिले, हे त्याचे ऋण आम्ही कधीही नाकारणार नाही. परंतु घरमालकांनी त्याचे निमित्त करून दुरुस्तीकडे पाठ फिरविली, इमारती कोसळू लागल्या, माणसे मेली, आणि मग १९६९ साली दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाचा कायदा झाला. सुमारे १९,६०० इमारती त्याच्या कक्षेत आल्या, त्यांच्यावर उपकर बसला आणि १९७७ साली हे मंडळ म्हाडात विलीन झाले. या मंडळाच्या दुरुस्तीला चौरस मीटरमागे खर्चाची मर्यादा घातलेली. त्या मर्यादेत टेकू लावता येतो, तुळई बदलता येते. कठडा जसा होता तसा घडविणे बसत नाही. लाकडी कोरीव कठडा काढून त्या जागी चार आडव्या सळ्या ठोकल्या म्हणजे दुरुस्ती पूर्ण झाली असे मानण्याची सवय शासनालाही लागली आणि, सांगायला खेद वाटतो, आपल्यालाही लागली. इमारत पडत नाही एवढ्यावरच समाधान मानायला गरिबाला शिकविले गेले.

ही सवय स्वाभाविक नाही, ती लादलेली आहे. एकाच दशकात दोन शहरांनी श्रमिकांसाठी घरे बांधली, त्यांची तुलना केली तर हे ध्यानात येईल. पहिले शहर मुंबई. १९२० साली मुंबई सरकारने विकास खाते स्थापन केले. त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून बीडीडी हे नाव रूढ झाले. वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे २०७ चाळी उभ्या राहिल्या. प्रत्येक मजल्यावर मधोमध अंधारी वाट, दोहो बाजूंना १६० चौरस फुटांच्या खोल्या, शौचालये सामायिक. खर्चासाठी शहरात येणाऱ्या कापसावर गाठीमागे एक रुपया कर लावला गेला. पैसा कामगारांच्या नावाने उभा राहिला, परंतु घर बांधताना दृष्टी गोदामाची ठेवली गेली. माल जसा रचावा तशी माणसे रचली. त्या खोल्या अशा होत्या की सुरुवातीच्या काळात घरांची टंचाई असूनही पुष्कळ खोल्या रिकाम्या पडून राहिल्या.

दुसरे शहर ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना. पहिल्या महायुद्धानंतर तेथील नगरपालिका समाजवादी लोकशाहीवाद्यांच्या हाती आली. १९२३ साली ह्यूगो ब्राइटनर या अर्थखात्याच्या प्रमुखाने गृहबांधणी कर बसविला. तो चढत्या श्रेणीचा होता. कामगाराच्या खोलीवर नाममात्र, धनिकांच्या प्रासादांवर भरभक्कम. नोकरचाकर, मोटारी आणि चैनीचे शौक यांवर वेगळे कर लागले. या पैशांतून १९३४ पर्यंत साठ हजारांहून अधिक घरे झाली. आरंभीची घरे लहानच होती, पुष्कळशी सुमारे ४०० चौरस फुटांची. परंतु प्रत्येक घरात शौचालय, प्रत्येक घरात नळ, प्रत्येक खोलीला उजेड आणि आवारात बाग, बालवाडी, धुलाईघर, वाचनालय. आणि, आमच्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, या वसाहतींना घडीव लोखंडाची फाटके, दिवे व कठडे होते, भिंतींवर शिल्पे होती, चौकांत कारंजी होती. नगरपालिकेने शिल्पकारांना आणि कारागिरांना काम दिले. प्रत्येक इमारतीवर ती नगरपालिकेने कोणत्या वर्षी व कोणत्या करातून बांधली, हे मोठ्या अक्षरांत कोरले गेले. विज्ञापनाचा तो सोस नव्हता, तो सार्वजनिक मालकीचा हिशेब होता.

या वसाहतींतील सर्वांत प्रसिद्ध म्हणजे कार्ल मार्क्स होफ. कार्ल एन हा तिचा वास्तुशिल्पज्ञ. १९२७ साली काम सुरू झाले, १९३० साली उद्‌घाटन झाले. एक किलोमीटरहून लांब पसरलेली, १,३८२ घरांची ही इमारत. तिच्या मधल्या भव्य कमानींवर योझेफ फ्रांत्स रीडल याने केलेल्या चार मूर्ती आहेत. स्वातंत्र्य, लोककल्याण, ज्ञानप्रसार आणि शरीरसंवर्धन या चार मूल्यांच्या त्या मूर्ती. राजाचा पुतळा नाही, सेनापतीचा नाही. कामगाराला जे हवे त्याचे रूप त्याच्याच दारावर उभे केले गेले. फेब्रुवारी १९३४ मध्ये डॉलफुस याच्या हुकूमशाही राजवटीने याच इमारतीवर तोफा डागल्या. नुसत्या भिंतींवर तोफा डागण्याचे कारण नव्हते. कामगाराने ताठ मानेने राहावे असे सांगणारी ती वास्तू होती आणि फॅसिस्टांना तिचा अर्थ नेमका कळला होता.

१९८९ ते १९९२ या काळात कार्ल मार्क्स होफचे नूतनीकरण झाले. काही लहान घरे एकत्र करून मोठी केली गेली, सोयी सुधारल्या आणि मूर्ती व कमानी राखल्या गेल्या. भाडेकरू राहिले, इमारत राहिली, तिचा चेहराही राहिला. इकडे आपल्या बीडीडी चाळींचा शंभर वर्षांत पाडाव झाला. वरळीच्या नव्या मनोऱ्यांतील पहिल्या ५५६ घरांच्या किल्ल्या ऑगस्ट २०२५ मध्ये रहिवाशांच्या हाती आल्या. १६० फुटांच्या जागी ५०० फुटांचे घर मिळाले, दाराआड स्वतःचे शौचालय मिळाले. या आनंदात आम्ही मनःपूर्वक सहभागी आहोत. त्या गोदामवजा खोल्या जतन कराव्यात, असे आम्ही म्हणत नाही. तेथे जे वैभव होते ते सरकारने दिलेले नव्हतेच. ते रहिवाशांनी निर्माण केले होते: गिरणी कामगारांच्या सभांनी, शाहिरांच्या डफाने, दलित चळवळीच्या रणशिंगाने. आमचा प्रश्न एवढाच की हे वैभव नव्या मनोऱ्याच्या कोणत्या भिंतीवर, कोणत्या फाटकावर दिसणार आहे? १९८२ च्या संपात अडीच लाख कामगार ज्या गिरण्यांतून बाहेर पडले, त्यांपैकी एका गिरणीची चिमणी आज मॉलच्या आवारात शोभेसाठी उभी आहे. कामगाराची आठवण गिऱ्हाइकाची करमणूक होऊ शकते, मग ती कामगाराच्या नातवाच्या दारावर का असू नये?

येथे एक आक्षेप येईल आणि तो आपल्याच कार्यकर्त्यांकडून येईल. आधी पाणी, आधी छप्पर, मग कला. उपाशी माणसाला नक्षी काय कामाची? आक्षेप प्रामाणिक आहे, म्हणून त्याचे उत्तरही सरळ दिले पाहिजे. कठडा हा छपराइतकाच आवश्यक आहे. कठड्यावाचून जिना नाही, जाळीवाचून खिडकी नाही, फाटकावाचून आवार नाही. सुरक्षिततेचे नियम पाळायचे तर हे लोखंड बसणारच आहे आणि त्याचा पैसा खर्च होणारच आहे. प्रश्न खर्च करावा की करू नये असा नसून, तो खर्च कंत्राटदाराच्या नफ्यात मुरावा की कारागिराच्या मजुरीत आणि रहिवाशाच्या आनंदात उतरावा, असा आहे. एका मनोऱ्याच्या एकूण खर्चात जिन्याच्या धातुकामाचा वाटा अल्प असतो. त्या अल्प वाट्यात काटकसर करून गरिबाचे काही वाचत नाही. फक्त त्याचे घर हे दुय्यम माणसाचे घर आहे, एवढे त्याच्या मनावर रोज चढता-उतरता ठसविले जाते.

याच आक्षेपाची दुसरी बाजू विल्यम मॉरिस या इंग्रज समाजवाद्याच्या आयुष्यात दिसते. हाताने घडविलेल्या सुंदर वस्तूंचा तो कैवारी. जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी १८७७ साली त्याने संस्था काढली आणि १८८४ साली सोशॅलिस्ट लीगच्या स्थापनेत पुढाकार घेतला. परंतु त्याच्या कारखान्यात मनापासून घडविलेल्या वस्तू विकत घेण्याची ऐपत श्रीमंतांचीच होती आणि ही विसंगती त्याला आयुष्यभर डाचत राहिली. तिच्यातून एक धडा निघतो. एकट्या कलावंताच्या सद्भावनेने कला लोकांपर्यंत पोहोचत नाही. त्यासाठी सार्वजनिक पैसा, सार्वजनिक मागणी आणि संघटित खरेदीदार लागतो. व्हिएन्नाच्या नगरपालिकेने मॉरिसची विसंगती कराच्या आणि मागणीच्या बळावर सोडविली. फ्रान्सने १९५१ साली शाळांच्या बांधकामखर्चातील शेकडा एक भाग कलेसाठी राखण्याचा नियम केला. हे सारे चैनीखोर देशांचे चाळे नव्हेत. युद्धाने पोळलेल्या देशांनी दारिद्र्यातून वर येताना केलेले हे निर्णय आहेत.

तेव्हा आपल्या मागण्या कोणत्या असाव्यात? आमच्या मते पुढील पाच गोष्टींचा आग्रह प्रत्येक भाडेकरू संघाने आणि गृहनिर्माण संस्थेने धरला पाहिजे.

पहिली गोष्ट अशी की, कोणतीही जुनी इमारत पाडण्यापूर्वी किंवा मोठ्या दुरुस्तीस काढण्यापूर्वी तिच्यातील धातुकाम, लाकूडकाम आणि शिल्पकाम यांची नोंद व छायाचित्रे रहिवाशांच्या समितीने करावीत. जे पुन्हा वापरता येईल ते नव्या इमारतीच्या सामायिक जागेत वापरले जावे आणि जे विकले जाईल त्याची रक्कम रहिवाशांच्या खात्यात जमा व्हावी. आज ही रक्कम कोणाच्या खिशात जाते, ते बहुतेक ठिकाणी रहिवाशांना कोणी सांगत नाही.

दुसरी गोष्ट, सार्वजनिक निधीतून होणाऱ्या पुनर्विकासात खर्चाचा निश्चित हिस्सा सामायिक जागेतील घडीव कामासाठी आणि कलेसाठी राखून ठेवावा. विषय आणि आराखडा रहिवाशांनी ठरवावा. मंत्र्यांचे नाव कोरलेली संगमरवरी पाटी म्हणजे कला नव्हे.

तिसरी गोष्ट, दरसूचीत नक्षीच्या व दुरुस्तीच्या धातुकामाची मोजणी किलोवर न होता श्रमाच्या दिवसांवर व्हावी. लोखंडाचा भाव वेगळा, हाताचा भाव वेगळा. हा भेद हिशेबात आला की सर्वांत कमी निविदेच्या नावाखाली मजुरी चोरण्याची वाट बरीच अरुंद होईल.

चौथी गोष्ट, सार्वजनिक बांधकामाची छोटी कामे मजूर सहकारी संस्थांना देण्याची महाराष्ट्रात जी प्रथा आहे, तिचा विस्तार धातुकारागिरांच्या सहकारी संस्थांपर्यंत व्हावा. कलाशाळा, औद्योगिक प्रशिक्षण संस्था आणि फौंड्र्या यांना त्यांच्याशी जोडावे. जातीने बांधलेली विद्या सहकाराने मोकळी करावी. लोहाराच्या मुलाला ती सोडण्याचे आणि इतर कोणाच्याही मुलीला ती शिकण्याचे सारखेच स्वातंत्र्य असावे. पाच-सहा माणसांच्या गाळ्यातील कामगारालाही डोळ्यांची काच, धुराची वाट आणि अपघाताची भरपाई मिळाली पाहिजे, मग कायद्याची रेषा वीसवर असो की आणखी वर.

पाचवी गोष्ट, काम पूर्ण झाले की त्या कारागिरांची नावे फाटकाजवळ कोरली जावीत. वास्तुशिल्पज्ञाचे नाव असते, बिल्डरचे असते, उद्‌घाटकाचे तर असतेच असते. घडविणाऱ्याचे नाव कोरायला लागणारे पितळ काही फार महाग नाही.

यांपैकी पहिल्या आणि पाचव्या गोष्टीसाठी शासनाची वाट पाहण्याचे कारण नाही. २०१९ साली राज्य शासनाने स्वयंपुनर्विकासाच्या धोरणाचा निर्णय घेतला. बिल्डरला बाजूला ठेवून गृहनिर्माण संस्थेने स्वतःच आपली इमारत उभारण्याची ती वाट आहे. अशा संस्थेत कंत्राट कोणाला द्यायचे, जाळी कशी करायची, मजुरी कशी मोजायची हे रहिवासी स्वतः ठरवितात. आपले कार्यकर्ते ज्या संस्थांत सभासद आहेत, तेथे त्यांनी सर्वसाधारण सभेत हा विषय मांडावा. आपल्या घराचे फाटक घडविणाऱ्या मजुराला किमान वेतन मिळते की नाही, हे विचारण्याचे धैर्य ज्या रहिवाशात नाही, त्याने बिल्डरच्या नफेखोरीवर व्याख्याने देण्यात फारसा अर्थ नाही. मध्यमवर्गीय भाडेकरू आणि गाळ्यातला परप्रांतीय वेल्डर यांच्यात बिल्डरने आणि प्रांतवादाने भिंत उभी केली आहे. ती पाडण्याचे काम समान हिताच्या अशा ठोस प्रश्नांवरच होऊ शकते.

भांडवलदारी व्यवस्थेने सौंदर्याचीही वाटणी केली आहे. ज्यांच्याकडे पैसा आहे त्यांच्यासाठी मागणीबरहुकूम घडविलेले. ज्यांच्याकडे नाही त्यांच्यासाठी चार आडव्या सळ्या. आणि जो घडवितो त्याच्या वाट्याला यांतले काहीच नाही. तो स्वतः पत्र्याच्या दाराआड झोपतो. ही वाटणी निसर्गाने केलेली नाही, निविदांनी, दरसूचींनी आणि कायद्यांतील रेषांनी केलेली आहे. जे माणसांनी लिहिले ते माणसांना बदलता येते. भाकरीची मागणी आपण सोडणार नाही. पण ती मागताना मान खाली घालून उभे राहण्याचेही कारण नाही. श्रमिकाचे घर पक्के असावे, त्याच बरोबर ते देखणेही असावे, आणि ते देखणे करणाऱ्या हातांना पुरता दाम मिळावा, ही मागणी आता प्रत्येक चाळ समितीच्या, प्रत्येक संस्थेच्या आणि प्रत्येक बांधकाम कामगार संघटनेच्या मागणीपत्रात आली पाहिजे.